पीटर ग्रीनचा ब्लूज आणि ‘रूमर्स’चा पॉप : फ्लीटवुड मॅक नक्की कोणाचा?

निषाद :

फ्लीटवुड मॅकचा विषय निघाला की श्रोत्यांचे दोन तट पडतात आणि ते एकमेकांचे ऐकेनासे होतात. पहिल्या तटाच्या मते हा बँड १९६७ साली लंडनमध्ये सुरू झाला आणि मे १९७० मध्ये त्याचा संस्थापक गिटारवादक पीटर ग्रीन बाहेर पडला तेव्हा संपला. त्या नावाखाली पुढे जे झाले तो सगळा व्यापार. दुसऱ्या तटाची या बँडशी ओळख १९७५ पासूनची, बहुधा गायिका स्टीव्ही निक्सच्या आवाजातून झालेली असते आणि त्याआधीची आठ वर्षे त्यांना वगळली तरी चालतील अशी वाटतात. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र न तपासता मान्य केलेली असते, ती ही की आधी उपेक्षित पण अस्सल ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची संगीतपरंपरा) होता आणि नंतर लोकप्रिय पण पातळ पॉप आला. माझा आक्षेप या मान्यतेलाच आहे.

ग्रीनचा बँड उपेक्षित कधीच नव्हता. ऑगस्ट १९६७ मध्ये विंडसरच्या जाझ आणि ब्लूज महोत्सवात तो पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये ‘ब्लू होरायझन’ या लहानशा कंपनीने काढलेला त्याचा पहिला अल्बम ब्रिटिश यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला. त्या वर्षाच्या अखेरीस आलेली ‘अल्बट्रॉस’ ही धून जानेवारी १९६९ मध्ये पहिल्या क्रमांकावर होती, आणि त्याच वर्षी ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ व ‘ओह वेल’ ही दोन्ही सिंगल्स दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. याउलट ‘रूमर्स’ या अल्बममधले ‘ड्रीम्स’, जे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, ते १९७७ साली ब्रिटनमध्ये चोविसाव्या क्रमांकाच्या वर सरकले नाही. म्हणजे त्यांच्या मायदेशातल्या सिंगल्सच्या यादीपुरते पाहिले, तर लोकप्रिय बँड ग्रीनचाच होता.

दुसरे असे की ब्लूजच्या चौकटीतून बाहेर पडण्याची घाई सर्वांत आधी ग्रीनलाच झालेली दिसते. पहिल्या दोन अल्बमांवर शिकागोच्या ब्लूजची छाप स्वच्छ आहे. किंबहुना दुसऱ्या, ‘मिस्टर वंडरफुल’मध्ये बँडमधला गिटारवादक जेरेमी स्पेन्सर याने जुना ब्लूज वादक एल्मोर जेम्स याची एकच स्लाइड गिटारची सुरावट इतक्या गाण्यांच्या आरंभी वापरली आहे की कोणते गाणे सुरू झाले हे कळायला थोडे थांबावे लागते. पण ऑगस्ट १९६८ मध्ये अठरा वर्षांचा गिटारवादक डॅनी कर्वन आला आणि चित्र पालटले. ‘अल्बट्रॉस’मध्ये गायन नाही आणि ब्लूजच्या बारा बारच्या (चार-चार मात्रांच्या बारा खंडांच्या) साच्याचा मागमूसही नाही. ‘ओह वेल’च्या दुसऱ्या भागात स्पॅनिश धाटणीची गिटार, चेलो आणि बासरीच्या जातीचे वाद्य येते. सप्टेंबर १९६९ मध्ये आलेल्या ‘देन प्ले ऑन’ या अल्बममधली जवळजवळ निम्मी गाणी कर्वनची आहेत आणि स्पेन्सरला त्यात फारसे कामच उरलेले नाही. ज्याला आपण ‘ब्लूजचा कालखंड’ म्हणतो तो जेमतेम दीड वर्षाचा आहे, आणि तो ज्याने संपवला त्याच्याच नावाने आपण त्याची पूजा करतो.

तर रेघ नक्की कोठे ओढायची, यावर मते यावीत.

जुनी_तबकडी :

निषाद, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष मला मान्य नाही. आपण ब्लूज म्हणजे बारा बारचा साचा असे धरून चालला आहात. साचा हे त्याचे बाहेरचे रूप आहे. ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ साच्याबाहेरचे आहे हे खरे, पण त्यातला माणूस ज्या तऱ्हेने आपले रितेपण सांगतो, एक वाक्य म्हणून गिटारला बोलू देतो आणि मग दोघेही गप्प बसतात, ती तऱ्हा ब्लूजचीच आहे. लिटल विली जॉनने १९५५ साली गायलेले ‘नीड युअर लव्ह सो बॅड’ ग्रीनने १९६८ मध्ये तंतुवाद्यांच्या साथीने केले, म्हणजे वरवर पाहता ते पुरते ‘सजवलेले’ गाणे आहे; तरी त्यातला एकही सूर आपली हुशारी दाखवण्यासाठी वाजवलेला नाही. त्या काळातल्या लंडनमध्ये जो तो अधिक वेगाने आणि अधिक मोठ्याने वाजवण्याच्या मागे असताना या मुलाने सूर कमी केले. बी. बी. किंग यांच्यासारख्या थोर ब्लूज गिटारवादकाने त्याच्या सुराची उघड स्तुती केली ती उगाच नाही.

आणि हे लोक ब्लूजकडे पाहुण्यासारखे गेले नव्हते. जानेवारी १९६९ मध्ये शिकागोला चेस या ब्लूजच्या कंपनीच्या स्टुडिओत ते ओटिस स्पॅन, विली डिक्सन, वॉल्टर हॉर्टन, बडी गाय या नामवंत ब्लूज वादकांबरोबर वाजवत होते. स्पॅन म्हणजे शिकागो ब्लूजचे दिग्गज मडी वॉटर्स यांच्या बँडमध्ये वर्षानुवर्षे पियानोवर बसलेला माणूस. त्याच्या स्वतःच्या अल्बमसाठी ग्रीन, कर्वन आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांनी साथीदार म्हणून वाजवले, आणि साथीदार म्हणूनच वाजवले, म्हणजे पुढे पुढे केले नाही. यशाच्या शिखरावर असलेल्या किती बँडांना हे जमले असते?

‘रूमर्स’ची कारागिरी मी नाकारत नाही. पण तिथे दुःखाचे प्रदर्शन मांडले आहे. दोन जोडपी (जॉन व ख्रिस्टीन मॅकव्ही, लिंडसे बकिंगहॅम व निक्स) मोडत आहेत, ड्रमवादकाचे लग्न मोडत आहे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला उद्देशून गाणे लिहून ते त्याच्याकडूनच वाजवून घेत आहे. विकले जाणारच होते, आणि चार कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

रात्रपाळी :

तबकडीकाका, ‘प्रदर्शन’ या शब्दावर थांबावे लागेल. सोडून गेलेल्या माणसाला उद्देशून गाणे गायचे आणि ते परक्या लोकांसमोर गायचे, हा तर ब्लूजचा मूळ व्यवसाय आहे. तेच काम पुरुषाने गिटार घेऊन केले की आत्म्याची हाक आणि बाईने पियानोवर बसून केले की प्रदर्शन, असा हिशोब मला पटत नाही.

आणि बाईचा विषय निघालाच आहे तर या सगळ्या वादात ख्रिस्टीन मॅकव्हीचे नाव दोन्ही तट कसे विसरतात, याचे मला नेहमी नवल वाटते. लग्नाआधीची ख्रिस्टीन परफेक्ट ही ‘चिकन शॅक’ या ब्रिटिश ब्लूज बँडमध्ये पियानो वाजवत होती आणि गात होती. १९६९ मध्ये ‘आय वुड रादर गो ब्लाइंड’ हे तिने गायलेले गाणे ब्रिटिश यादीत चौदाव्या क्रमांकावर गेले आणि ‘मेलडी मेकर’ या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी तिला सर्वोत्तम गायिका ठरवले. ‘मिस्टर वंडरफुल’मध्ये पियानो तिचाच आहे, म्हणजे ग्रीनच्या काळात, बँडची सदस्य होण्यापूर्वी, ती त्या आवाजाचा भाग होती. १९७० मध्ये ग्रीन गेल्यावर ती रीतसर आत आली. ब्लूज शिकून, त्यात नाव कमावून या बँडमध्ये आलेली ही व्यक्ती पुढे ‘पॉप’च्या काळातली मुख्य गीतकार ठरली.

१९७५ च्या अल्बमने अमेरिकेत जम बसवला तो कोणत्या गाण्याने, हे पाहिले म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. पहिल्या वीसांत गेलेले त्यांचे तिथले पहिले सिंगल ‘ओव्हर माय हेड’ हे ख्रिस्टीनचे. ‘से यू लव्ह मी’ तिचे. ‘रूमर्स’मधली ‘डोन्ट स्टॉप’ आणि ‘यू मेक लव्हिंग फन’ तिची. लहानपणी फॅट्स डॉमिनोच्या स्वरलिपीवरून तिने डाव्या हाताची जी चाल उचलली, ती ‘से यू लव्ह मी’मध्ये तशीच ऐकू येते, आणि गातानाही तिने आवाज कधी ताणला नाही. खालच्या पट्टीत, श्वास सोडावा तसे ती गाते. काकांनी ग्रीनच्या गिटारविषयी जे लिहिले, कमी सूर, दिखाऊपणाला फाटा, ते सगळे मी तिच्या गाण्याविषयी शब्दशः म्हणू शकते. ब्लूज ‘रूमर्स’पर्यंत पोहोचला तो तिच्या हातातून. गिटारवर नजर खिळलेल्या श्रोत्यांना तो दिसला नाही, एवढेच.

राहता राहिले ‘ड्रीम्स’. ब्लूजला तीन स्वरमेळ (कॉर्ड) लागतात. ‘ड्रीम्स’ बव्हंशी दोनच स्वरमेळांवर उभे आहे. मग पातळ कोण आणि भरगच्च कोण, हे कोणत्या मापाने ठरवायचे?

काळी_चार :

मी गिटार वाजवतो म्हणून फक्त तेवढ्याच बाजूने लिहितो. ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉल गिटारमध्ये मानेकडच्या पिकअपचे (तारांची कंपने टिपणाऱ्या भागाचे) चुंबक उलटे बसले होते. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की त्यांचे ध्रुव एकमेकांना छेद देत आणि मधला जाडसर भाग गळून जाऊन नाकातून आल्यासारखा, पोकळ सूर उरे. ती गिटार पुढे गिटारवादक गॅरी मूरकडे गेली आणि २०१४ पासून मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. तिघांच्या हातात ती तीन वेगवेगळ्या वाद्यांसारखी वाजते, त्यामुळे सगळे श्रेय चुंबकाला देण्यात अर्थ नाही.

‘रूमर्स’मधला गिटारवादक लिंडसे बकिंगहॅम याची जातकुळी निराळी आहे. तो पिक (तार छेडायची चकती) न वापरता बोटांनी वाजवतो आणि ते वळण त्याला लोकसंगीतातून, बँजोच्या अंगाने मिळालेले आहे. ‘नेव्हर गोइंग बॅक अगेन’ ऐकताना दोन जण वाजवत असल्याचा भास होतो तो यामुळे. ग्रीन सुरांमधली जागा रिकामी ठेवतो, बकिंगहॅम ती जागा सतत हलती ठेवतो. बकिंगहॅमला ग्रीनच्या गादीवर बसवून त्याचे माप घेणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्याने ती गादी मागितलीच नव्हती.

मुक्काम_लीड्स :

चर्चा १९७० वरून थेट १९७५ वर उडी मारते आहे, म्हणून मधल्या पाच वर्षांविषयी लिहितो. माझ्या मते आपण सगळे जी रेघ शोधत आहोत ती रेघच नाही, तो एक लांबलचक उतार आहे आणि तो याच पाच वर्षांत आहे.

ग्रीन गेल्यावर काही महिन्यांत, फेब्रुवारी १९७१ मध्ये, जेरेमी स्पेन्सर अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना लॉस एंजेलिसमध्ये ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ या पंथाला जाऊन मिळाला आणि परत आलाच नाही. दौरा पुरा करायला ग्रीनलाच बोलवावे लागले. मग बॉब वेल्च हा कॅलिफोर्नियाचा गिटारवादक आला आणि ‘फ्यूचर गेम्स’, ‘बेअर ट्रीज’, ‘मिस्टरी टू मी’ असे अल्बम निघाले, ज्यांत ना शिकागो आहे ना ‘रूमर्स’. कर्वन १९७२ पर्यंत होता आणि ‘बेअर ट्रीज’मधली त्याची गाणी मला ग्रीनच्या कोणत्याही गाण्याइतकी मोलाची वाटतात. त्याच अल्बममध्ये ख्रिस्टीनचे ‘स्पेअर मी अ लिटल ऑफ युअर लव्ह’ आहे. ते कोणाला न सांगता ऐकवले तर बहुतेक जण ते १९७५ चे म्हणून सांगतील. वेल्चचे ‘सेंटिमेंटल लेडी’ही तिथलेच. बँड सोडल्यावर १९७७ मध्ये त्याने तेच गाणे ख्रिस्टीन आणि बकिंगहॅम यांना सोबत घेऊन पुन्हा ध्वनिमुद्रित केले आणि ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. म्हणजे ज्या गाण्यांना आपण बकिंगहॅम-निक्स यांच्या येण्याचे फळ समजतो, त्यांचे बी १९७२ मध्येच पेरलेले होते.

१९७४ च्या आरंभी त्यांच्या व्यवस्थापकाने नावावर आपला हक्क असल्याचे सांगून परक्याच वादकांना ‘फ्लीटवुड मॅक’ म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले. मूळ मंडळी कोर्टात अडकली आणि त्या वर्षाचा बराच भाग त्यांना मंचावर जाता आले नाही. लॉस एंजेलिसला स्थलांतर झाले ते याच वर्षी. वर्षाच्या शेवटी वेल्च गेला. ड्रमवादक मिक फ्लीटवुड त्याआधी साउंड सिटी हा स्टुडिओ पाहायला गेला असताना तिथला आवाज कसा येतो हे दाखवण्यासाठी तिथल्या कीथ ऑल्सेनने त्याला बकिंगहॅम आणि निक्स या जोडीच्या ‘बकिंगहॅम निक्स’ या अल्बममधले एक गाणे ऐकवले होते. फ्लीटवुडला गिटारवादक हवा होता. बकिंगहॅमने सांगितले की येऊ तर दोघे येऊ. ब्लूज सोडून पॉपकडे जाण्याचा निर्णय कोणी बैठक घेऊन केला नव्हता. जो उरला त्याला घेऊन, जो भेटला त्याला जोडून हा बँड पुढे सरकत राहिला.

जुनी_तबकडी :

लीड्सकर, कर्वनविषयी आपण लिहिलेत याबद्दल आभार. तो माणूस दोन्ही तटांनी टाकून दिलेला आहे.

रात्रपाळी, ख्रिस्टीन मॅकव्ही यांच्या ब्लूजबद्दल माझी तक्रार नाही, ‘चिकन शॅक’च्या तबकड्या माझ्याकडे आहेत. माझी तक्रार त्या आवाजाभोवती जे उभे केले गेले त्याबद्दल आहे. सॉसालिटोच्या रेकॉर्ड प्लांटमध्ये महिनोन् महिने बसून थरावर थर चढवायचे, एकेक ठोका घासून पुसून घ्यायचा, यात चेसच्या स्टुडिओतले ते एकमेकांकडे पाहत वाजवणे कुठे राहते? आणि पैशाचा प्रश्नही बाजूला ठेवता येत नाही. बेथनल ग्रीनच्या साध्या घरातून आलेल्या ग्रीनला आलेला पैसा नकोसा झाला होता, तो दान करावा असे तो सोबत्यांना सांगत होता. ‘द ग्रीन मनालिशी’ हे गाणेच पैशाच्या धास्तीतून आलेले आहे. त्याच बँडने १९७९ साली ‘टस्क’ या दुहेरी अल्बमवर दहा लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. या दोन वृत्ती एकच आहेत असे मला कोणी सांगू नये.

रात्रपाळी :

काका, पैशाविषयीची ग्रीनची अस्वस्थता खरी होती आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवल्याशिवाय ती सांगू नये. १९७० च्या मार्चमध्ये म्युनिकला एलएसडी घेतल्याचा प्रसंग, त्यानंतरचे वागणे, पुढे झालेले स्किझोफ्रेनियाचे निदान, इस्पितळे, वर्षानुवर्षे गिटारला हात न लावणे, हे सगळे त्या दानशूरपणाच्या कथेच्या लगतच आहे. आजारी माणसाच्या माघारीला आपण वैराग्य म्हणू लागलो, की मागे राहिलेले सगळे आपोआप लोभी ठरतात. कर्वनही आजारपणात आणि दारूत बुडाला, पण त्याची अशी दंतकथा झाली नाही.

आणि ‘टस्क’चे उदाहरण आपल्या बाजूने कसे लागते? ‘रूमर्स’ एकतीस आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होता. त्याच्यासारखाच दुसरा काढा, असे कंपनीला वाटणे साहजिक होते. तसे न करता बकिंगहॅमने घरात बसून विचित्र, खडबडीत गाणी केली आणि शीर्षकगीतासाठी डॉजर स्टेडियममध्ये विद्यापीठाचा बँड उभा केला. खप ‘रूमर्स’च्या तुलनेत फारच कमी झाला. व्यापारी माणूस असे करत नाही.

निषाद :

सर्वांचे मुद्दे वाचल्यावर मला वाटते की आपण गायक आणि गिटारवादक यांच्याभोवतीच फिरत आहोत. हा बँड ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या दोघांचे काय? १९६७ मध्ये जॉन मॅकव्ही अजून जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’ या ब्लूज बँडमध्ये पगारावर होता आणि यायला तयार नव्हता, तरी ग्रीनने फ्लीटवुड आणि मॅकव्ही यांचीच नावे जोडून बँडचे नाव ठेवले. त्याच बँडमध्ये एरिक क्लॅप्टनची जागा घेऊन गाजलेला ग्रीन स्वतःचे नाव सहज देऊ शकला असता. पहिल्या अल्बमवर कंपनीने ते छापलेही. पण नाव टिकले ते तालाच्या जोडीचे.

आपल्याकडे घराणे टिकते तेव्हा प्रत्येक पिढीचा गायक नवीन बंदिशी आणतो, आवाज बदलतो, पण लयीची समज हातातून हातात जाते. इथे तर ती दुसऱ्याच्या हातात जायचीही गरज पडली नाही, तीच दोन माणसे बसून होती. ‘अल्बट्रॉस’मध्ये फ्लीटवुड काठ्यांऐवजी मऊ गोळ्यांचे दांडू वापरून लाटेसारखा ठोका देतो आणि मॅकव्ही त्याखाली थोडकेच सूर ठेवतो. आता ‘ड्रीम्स’ ऐका : तोच संथ, न ढळणारा ठोका, तोच मोजका बेस, आणि वर निक्सला तरंगायला मोकळी जागा. ‘द चेन’ हे ‘रूमर्स’मधले पाचही जणांच्या नावावर असलेले एकमेव गाणे आहे, त्याच्या शेवटाकडे सगळे थांबते आणि मॅकव्हीचा बेस एकटा उरतो. बीबीसीने फॉर्म्युला वनच्या प्रक्षेपणासाठी उचलला तो हाच तुकडा, आणि ब्रिटनमध्ये गाण्याचे नावही माहीत नसलेल्यांना तो ओळखता येतो. मॅकव्ही मेयॉलकडे ब्लूज वाजवत मोठा झाला होता, फ्लीटवुडही तिथे थोडे दिवस होता. तिथे बेसवादकाने काय करू नये हे आधी शिकवले जाते.

मिक फ्लीटवुडच्या मनात तरी हे दोन कालखंड तुटलेले नसावेत. १९७५ नंतरच्या मैफलींतही ‘ओह वेल’ वाजत होते. पुढे त्याने स्वतःच्या नावाने ब्लूज बँड काढला, २०१८-१९ च्या दौऱ्यात स्टीव्ही निक्सने ग्रीनचे ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ गायले, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याने ग्रीनच्या गाण्यांची मोठी मैफल घडवून आणली, ज्यात ख्रिस्टीन आणि जेरेमी स्पेन्सर दोघेही होते. त्यानंतर पाच महिन्यांनी ग्रीन गेला.

काळी_चार :

पॅलेडियमच्या त्या मैफलीत हॅमेटने ‘द ग्रीन मनालिशी’ त्याच जुन्या गिटारवर वाजवले, हे वरच्यात जोडतो. आणि ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ ब्रिटनमध्ये सदतिसाव्या क्रमांकावर थांबले होते. अमेरिकेतला गिटारवादक सँटाना याने १९७० मध्ये त्याचे सोने केले. १९९८ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात ग्रीन आला तेव्हा तो आपल्या जुन्या सोबत्यांबरोबर न वाजवता सँटानाबरोबर तेच गाणे वाजवून गेला. तालाच्या जोडीचे अखंडत्व सांगताना हेही नोंदवलेले बरे.

जुनी_तबकडी :

निषाद, तालाचा मुद्दा आतापर्यंतच्या मुद्द्यांत सर्वांत वजनदार आहे आणि ‘द चेन’च्या बेसविषयी मला काही म्हणायचे नाही. पण मैफलीतल्या ‘ओह वेल’चा पुरावा आपल्याच विरुद्ध जातो. १९८० च्या ‘लाइव्ह’ अल्बममध्ये बकिंगहॅमने ते गायले आहे. ग्रीनच्या मूळ ध्वनिमुद्रणात गिटार थांबते, मग काही क्षण काहीच नसते, मग आवाज येतो. ‘लाइव्ह’मध्ये त्या मोकळ्या क्षणाची कदर राहिलेली नाही. गाणे तेच आहे, वाजवणारी तालाची जोडी तीच आहे, आणि तरी त्यातली भीती गेलेली आहे. मग जी गोष्ट गेली ती ग्रीनबरोबरच गेली असे मी म्हटले तर त्यात काय चुकले?

रात्रपाळी :

काहीच चुकले नाही, काका, फक्त ती पूर्ण गेली नव्हती. ‘टस्क’मधले ख्रिस्टीनचे ‘ब्राउन आइज’ ऐका. त्यात पीटर ग्रीनने गिटार वाजवली आहे. वेष्टनावर त्याचे नाव नाही.

जुनी_तबकडी :

ऐकलेले आहे. त्याचे वाजवणे त्यात इतके थोडे आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ते ज्या गाण्यात आहे ते ‘टस्क’मधले सर्वांत शांत गाण्यांपैकी एक आहे, ही गोष्ट मी तुमच्या बाजूने मोजायला तयार आहे. तेवढ्यावरून दहा लाख डॉलरचा बाकीचा अल्बम मात्र मी ब्लूजच्या खात्यात जमा करणार नाही. चेसच्या स्टुडिओतले ते दुहेरी ध्वनिमुद्रण कोणी अजून ऐकले नसेल तर आधी ते ऐकावे, त्यात ओटिस स्पॅनच्या पियानोमागे मॅकव्ही काय करतो आहे याकडे विशेष लक्ष द्यावे, आणि मग निषाद यांच्या तालाच्या मुद्द्यावर पुढे लिहावे.